डीकोडरमागचा सौदा: फ्रान्सच्या ‘कनाल प्लुस’ची गोष्ट

४ नोव्हेंबर १९८४ रोजी सकाळी आठ वाजता फ्रान्समध्ये चौथी टीव्ही वाहिनी सुरू झाली. तोवर देशात तीनच वाहिन्या होत्या आणि तिन्ही सरकारी. ही नवी वाहिनी खासगी कंपनीची होती. ती पाहायची तर दरमहा १२० फ्रँक भरावे लागत. ज्यांनी ते भरले नव्हते त्यांच्या पडद्यावर दिवसाचा बराचसा वेळ नुसता वेडावाकडा, फाटलेला प्रकार दिसे आणि आवाजही ओळखू येत नसे. वाहिनीचं नाव कनाल प्लुस. पहिल्या दिवशी तिचे वर्गणीदार होते १ लाख ८६ हजार.

या वाहिनीबद्दल लिहिताना तिच्या विनोदी कार्यक्रमांची नाहीतर मालकांच्या भांडणांची यादी देऊन मोकळं होता येतं. पण तिच्या वेळापत्रकात एक कोडं आहे. सिनेमे इतके का? फुटबॉल का? जे कार्यक्रम पैसे न भरणाऱ्यांनाही दिसत, त्यांच्यावरच सगळ्यात जास्त मेहनत का घेतली गेली? हे सगळं एका सौद्यातून आलं आहे. सरकारने वाहिनीला एक सवलत दिली आणि तिच्या बदल्यात वाहिनीने फ्रेंच सिनेमाला पोसायचं कबूल केलं. तो सौदा समजला की चाळीस वर्षांचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

खासगी, पण कितपत?

१९८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्रसारणावरची सरकारची मक्तेदारी संपवली. कनाल प्लुस उभी करणारे आंद्रे रूस्ले हे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांचे जुने निकटवर्ती. १९८१ मध्ये मितराँ निवडून आल्यावर ते त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते आणि पुढच्याच वर्षी आव्हास या बड्या जाहिरात आणि माध्यम कंपनीचे अध्यक्ष झाले. आव्हासमध्ये तेव्हा सरकारचा निम्म्याहून जास्त हिस्सा होता आणि कनाल प्लुसमध्ये सर्वात मोठा भागधारक होता आव्हास. म्हणजे कागदावर खासगी असलेली ही वाहिनी जन्मली सत्तेच्या अंगणात. तिला बारा वर्षांचा परवाना मिळाला आणि लहरीही तयार मिळाल्या. काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या जमान्यातलं ८१९ रेषांचं जुनं प्रक्षेपण बंद झालं होतं, त्याच्या रिकाम्या झालेल्या लहरी तिच्या वाट्याला आल्या.

कार्यक्रमांची बाजू रूस्ले यांनी पियेर लेस्क्यूर यांच्याकडे सोपवली. लेस्क्यूर आधी सरकारी वाहिनीवर रॉक संगीताचे कार्यक्रम करत. त्यांच्या जोडीला आलँ द ग्रेफ आले. एक जण राजकारणातला मुरब्बी, दुसरे दोघे पोरांची नाडी ओळखणारे. ही जोडणी वाहिनीच्या स्वभावात शेवटपर्यंत दिसत राहिली.

सुरुवात मात्र वाईट होती. वर्गणीदार अपेक्षेपेक्षा हळू वाढत होते. त्यात जानेवारी १९८५ मध्ये खुद्द मितराँ यांनीच आणखी खासगी वाहिन्यांना, आणि त्याही फुकट दिसणाऱ्या, परवानगी देण्याचं सूतोवाच केलं. उद्या फुकट मिळणार असेल तर आज १२० फ्रँक कोण भरेल? वाहिनी बंद करावी का, इथवर चर्चा गेली. फेब्रुवारी १९८६ मध्ये ला संक ही वाहिनी आली. तिच्यामागे इटलीचे सिल्व्हिओ बर्लुस्कोनी होते. १९८७ मध्ये एम सिस आली आणि त्याच वर्षी सरकारने आपली सर्वात मोठी वाहिनी, तेएफ अं, बांधकाम क्षेत्रातल्या बुईग कंपनीला विकली. गंमत अशी की तोवर कनाल प्लुस सावरली होती. १९८६ मध्येच तिने दहा लाख वर्गणीदारांचा टप्पा ओलांडला. उलट फुकट दिसणारी ला संक १२ एप्रिल १९९२ रोजी दिवाळखोरीत बंद पडली. कनाल प्लुसला कशाने तारलं, तर सिनेमाने.

सिनेमाचं वेळापत्रक कायदा ठरवतो

फ्रान्समध्ये सिनेमा हा व्यापार आहेच, पण सरकार त्याला सांस्कृतिक ठेवाही मानतं. १९४६ पासून तिथे एक राष्ट्रीय चित्रपट केंद्र आहे. थिएटरच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो आणि तो पैसा नवे सिनेमे काढायला परत फिरवला जातो. या व्यवस्थेत एखादी अमेरिकन हाणामारीची फिल्म गर्दी खेचते तेव्हाही तिच्या तिकिटातून फ्रेंच दिग्दर्शकाला मदत होत असते. मला ही व्यवस्था फार विचारपूर्वक बांधलेली वाटते. पण तिचा पाया एकच, लोकांनी थिएटरात जायला हवं. म्हणून टीव्हीला वेसण घातली गेली.

ही वेसण दोन प्रकारची. पहिली वारांची. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांना बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी दिवसभर आणि रविवारी रात्री साडेआठपर्यंत सिनेमा दाखवायला मनाई होती. बुधवारीच का? कारण फ्रान्समध्ये नवे सिनेमे बुधवारी लागतात. हा नियम ऑगस्ट २०२० मध्ये जाऊन शिथिल झाला. दुसरी वेसण क्रमाची. सिनेमा आधी थिएटरात, मग व्हिडिओवर, मग टीव्हीवर, आणि दोन टप्प्यांमध्ये किती महिने जायला हवेत तेही ठरलेलं. फुकट वाहिन्यांना एखादी फिल्म मिळायला दोन ते तीन वर्षं थांबावं लागे.

कनाल प्लुसला ती साधारण एका वर्षात मिळू लागली. वारांची बंधनंही तिच्यासाठी सैल होती. हीच ती सवलत. बाजूच्या वाहिन्यांवर तीन वर्षांपूर्वीचा सिनेमा लागलेला असताना तुमच्याकडे गेल्या वर्षीचा असेल, तर लोक पैसे भरतात. व्हिडिओ कॅसेटचं दुकान लांब असलेल्या गावात तर नक्कीच भरतात.

सवलतीची किंमत करारात लिहिलेली होती. वाहिनीने आपल्या उलाढालीचा ठरावीक हिस्सा सिनेमांचे हक्क घेण्यासाठी खर्च करायचा आणि त्यातला मोठा वाटा फ्रेंच आणि युरोपीय सिनेमांना द्यायचा. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. हे पैसे बहुतेक वेळा फिल्म तयार होण्याआधीच दिले जात. निर्मात्याच्या हातात कनाल प्लुसचं पत्र आलं की बँक, वितरक, प्रादेशिक निधी असे बाकीचे दरवाजे उघडत. हळूहळू फ्रान्समध्ये बनणाऱ्या बहुतांश सिनेमांत या एका वाहिनीचा पैसा असायला लागला. पहिलीच फिल्म करणारा तरुण दिग्दर्शक असो की मोठ्या नटांची विनोदी फिल्म, दोघांनाही त्याच टेबलापाशी यावं लागे. त्यामुळे कानच्या चित्रपट महोत्सवात ही वाहिनी पाहुणी नव्हती, जवळजवळ घरातलीच होती.

एका वाहिनीच्या हाती इतकी ताकद एकवटणं धोक्याचं नाही का? आहे. तिथल्या सिनेमावाल्यांनीही हे वेळोवेळी बोलून दाखवलं आहे. पण इटलीत खासगी टीव्हीचा सुळसुळाट झाल्यावर थिएटरं ओस पडत गेली, तेव्हा फ्रान्समध्ये ती टिकली. त्याचं बरंचसं श्रेय या काटेकोर नियमांना द्यावं लागतं.

सिनेमा विकत घेतला की तो एकदाच दाखवून कसं चालेल? म्हणून तोच सिनेमा पुढच्या काही आठवड्यांत वेगवेगळ्या वेळी, दुपारी, रात्री उशिरा, सुट्टीच्या सकाळी, पुन्हा पुन्हा लागे. सरकारी वाहिनीवर रात्रीचा सिनेमा चुकला की चुकला. इथे प्रेक्षकाने आपल्या सोयीची वेळ निवडायची. आजच्या मुलांना यात नवल वाटणार नाही, पण १९८४ मध्ये टीव्हीने प्रेक्षकाच्या घड्याळाप्रमाणे चालणं ही मोठीच गोष्ट होती. महिन्यातून एकदा मध्यरात्रीनंतर निव्वळ प्रौढांसाठीची फिल्मही असे. तिच्यामुळे किती वर्गण्या आल्या हे कोणी उघड बोलत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

ते फाटलेलं चित्र

पैसे न भरणाऱ्याला चित्र दिसू नये याची तेव्हाची युक्ती पूर्णपणे ॲनालॉग होती. पद्धतीचं नाव डिस्क्रेत ११. टीव्हीचं चित्र आडव्या रेषांचं बनलेलं असतं. एखाद्या छायाचित्राच्या आडव्या पट्ट्या कापाव्यात, काही जागच्या जागी ठेवाव्यात, काही थोड्या उजवीकडे सरकवाव्यात आणि काही त्याच्या दुप्पट सरकवाव्यात, तसं हे काम चाले. कोणती रेषा किती सरकणार हे एका गणिती क्रमाने ठरे आणि तो क्रम ११ बिटांच्या किल्लीवर अवलंबून असे. आवाजाचं तंत्र आणखी साधं होतं. उंच स्वर खाली आणि खालचे वर, असा ध्वनीचा पट्टाच उलटा केला जाई. वर्गणीदाराला दर महिन्याला आठ आकड्यांचा कोड मिळे, तो टीव्हीला जोडलेल्या डीकोडर या पेटीच्या बटणांवर दाबला की रेषा जागेवर येत आणि माणसं माणसांसारखी बोलू लागत.

हे कुलूप फार मजबूत नव्हतं. सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, डिसेंबर १९८४ मध्ये, एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकाने घरी डीकोडर कसा बनवायचा त्याचा आराखडाच छापला आणि वाहिनीला कोर्टात धाव घ्यावी लागली. ज्यांना सोल्डरिंग जमत नव्हतं त्यांनी स्वयंपाकघरातली चाळणी डोळ्यांपुढे धरून जोरजोरात हलवून पाहिली, म्हणजे चित्र जरा सुधारतं अशी समजूत होती. एका अख्ख्या पिढीची ही आठवण आहे. १९९० च्या दशकात वाहिनीने स्मार्ट कार्डावर चालणारी, कितीतरी पक्की पद्धत आणली. मुंबईच्या काही भागांत सशुल्क केबल वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स जानेवारी २००७ मध्ये सक्तीचा झाला, हे लक्षात घेतलं तर फ्रेंच घरांत ही पेटी किती आधी पोचली ते कळतं.

फुकटच्या तासांतली खरी कमाई

आता त्या कोड्याकडे येऊ. दिवसातले काही तास वाहिनी डीकोडरशिवाय सर्वांना दिसे. जाहिराती दाखवायची मुभा मुख्यतः याच तासांत होती. शिवाय ज्याने अजून पैसे भरलेले नाहीत त्याला खेचून आणायचं तर तेही इथूनच. दुकानाची काच असते तशी नुसती मालाची मांडणी त्यांनी केली नाही. त्यांनी उत्तमातला उत्तम माल फुकटच्या वेळेत ठेवला.

पहिल्या दिवसापासून ‘तॉप सँकाँत’ होतं. खऱ्याखुऱ्या विक्रीच्या आकड्यांवरून ठरणारी गाण्यांची क्रमवारी फ्रेंच टीव्हीवर तोवर नव्हती. १९८७ पासून संध्याकाळी ‘न्यूल पार आय्यर’ सुरू झालं. फिलिप जिल्दास हे शांत, घरंदाज सूत्रधार आणि शेजारी आंत्वान द कोन यांचा धिंगाणा. गप्पा, थेट गाणी, वेडेवाकडे वेष, पाहुण्याची यथेच्छ चेष्टा. आलँ शाबा आणि त्यांच्या मित्रांचा ‘ले न्यूल’ हा चमू इथेच घराघरांत पोचला. नंतर शाबा फ्रेंच सिनेमातले मोठे नट-दिग्दर्शक झाले. फ्रेंच विनोदाची भाषाच या तासांनी बदलली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं ठरणार नाही.

आणि मग बाहुल्या. १९८८ मध्ये रबरी बाहुल्यांचा बातमीपत्राच्या थाटातला कार्यक्रम आला. पुढे तो ‘ले गिन्योल द लँफो’ म्हणून ओळखला गेला. बातम्या देणारी बाहुली प्रतिस्पर्धी तेएफ अंच्या सर्वात प्रसिद्ध वृत्तनिवेदकाची, पात्रिक प्वाव्हर द’आर्व्हॉर यांची. रोज रात्री आठच्या सुमाराला देशातले सारे पुढारी, खेळाडू, उद्योगपती तिच्यासमोर हजेरी लावत. १९९५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जाक शिराक यांची बाहुली बिचारी, सगळ्यांनी दगा दिलेली आणि सफरचंदं खा म्हणून सांगत फिरणारी अशी दाखवली गेली. शिराक यांच्या प्रचारपुस्तिकेवर सफरचंदाचं झाड होतं, त्यावरून हे सुचलं. लोकांना ती बाहुली इतकी आवडली की शिराक निवडून येण्यात तिचा किती हात होता यावर फ्रान्समध्ये अजूनही वाद होतो. काही वर्षांनी त्याच बाहुलीला कार्यक्रमाने महाखोटारड्याचा वेष चढवला. कोणाचीच भीड न ठेवणारी ही थट्टा सत्तेशी इतकं जवळचं नातं असलेल्या वाहिनीवर चालत होती, आणि मालक मंडळी ती चालू देत होती. या वाहिनीबद्दल मला सर्वात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीचा.

फुटबॉलचं थोडक्यात सांगतो. फ्रेंच क्लबांना भीती वाटे की सामने थेट दाखवले तर मैदानं रिकामी पडतील. ९ नोव्हेंबर १९८४ रोजी, सुरुवातीच्याच आठवड्यात, कनाल प्लुसने नाँत विरुद्ध मोनाको हा साखळी सामना थेट दाखवला. क्रीडा विभागाचे प्रमुख शार्ल बिएत्री यांनी मैदानावर कितीतरी जास्त कॅमेरे लावले, खेळाडूंचे चेहरे, प्रशिक्षकांची तगमग जवळून दाखवली आणि सामन्याची गोष्ट करून सांगितली. हक्कांचा पैसा क्लबांकडे वाहू लागला. १९९१ मध्ये तर वाहिनीने पॅरिस सँ-जर्मँ हा क्लबच विकत घेतला आणि २००६ पर्यंत ठेवला. सामना दाखवणारा आणि खेळणारा एकच मालक, ही गोष्ट आज तरी पचायला जड जाते. २००४ मध्ये तीन हंगामांच्या सर्व सामन्यांसाठी वाहिनीने हंगामाला ६० कोटी युरो मोजले. सिनेमा आणि फुटबॉल या दोन खांबांवर वर्गणी उभी होती, त्यामुळे एकही खांब सोडणं परवडणारं नव्हतं.

मालक बदलले, मग घरही बदललं

१९९४ मध्ये नवा कायदा झाला आणि एका भागधारकाला टीव्ही कंपनीत २५ ऐवजी ४९ टक्क्यांपर्यंत हिस्सा ठेवता येऊ लागला. बड्या भागधारकांनी हातमिळवणी केली आणि रूस्ले यांनी राजीनामा दिला. ‘ल माँद’मध्ये लेख लिहून त्यांनी मितराँ यांच्या विरोधी गोटातले पंतप्रधान एदुआर बालादुर यांच्यावर थेट ठपका ठेवला. सत्तेच्या मर्जीने जन्मलेल्या वाहिनीचा संस्थापक सत्ता बदलल्यावर बाहेर पडला.

लेस्क्यूर यांच्या काळात वाहिनी युरोपभर पसरली, पण खर्चही बेफाम वाढला. डिसेंबर २००० मध्ये व्हिवेंडी हा फ्रेंच उद्योगसमूह, कनाल प्लुस आणि युनिव्हर्सल स्टुडिओची मालक सीग्राम यांचं विलीनीकरण झालं. व्हिवेंडीचे प्रमुख जाँ-मारी मेसिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी लेस्क्यूर यांना काढून टाकलं. त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी आपली निषेधसभा स्वतःच्याच वाहिनीवरून थेट दाखवली. कंपनीतलं बंड देशाने घरी बसून पाहिलं. तीन महिन्यांच्या आत मेसिए यांनाही जावं लागलं, कारण व्हिवेंडी कर्जात बुडाली होती.

यानंतरची काही वर्षं कार्यक्रमांच्या दृष्टीने भरभराटीची होती, हे सहसा सांगितलं जात नाही. फुकटचे सिनेमे इंटरनेटवर मिळू लागल्यावर वाहिनीने स्वतःच्या मालिकांवर भर दिला. पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांच्या रोजच्या कामाची ‘आंग्रनाज’ २००५ मध्ये आली, हेरखात्यावरची ‘ल ब्यूरो दे लेजांद’ २०१५ मध्ये. कमी भाग, एक खंबीर पटकथाकार आणि आवाज न चढवणारं कथन, ही शैली फ्रेंच टीव्हीला नवी होती. ‘ल ब्यूरो’ पाहिली नसेल तर जरूर पाहा.

२०१५ मध्ये उद्योगपती व्हँसाँ बोलोरे यांनी सूत्रं हातात घेतली आणि वाहिनीची प्रकृती पालटली. एका बँकेवरची शोधपत्रकारितेची डॉक्युमेंटरी रद्द झाली. ती नंतर सरकारी वाहिनीने दाखवली. बाहुल्या डीकोडरच्या आड गेल्या आणि जून २०१८ मध्ये कायमच्या थांबल्या. फुकटचे तास कमी करणं हा नव्या धोरणाचा गाभाच होता: पैसे न भरणाऱ्याला का द्यायचं? हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. पण वाहिनीची प्रतिष्ठा आणि ओढ त्याच तासांत तयार होत होती. समूहाच्या वृत्तवाहिनीत २०१६ मध्ये महिनाभर संप झाला, बरेच पत्रकार सोडून गेले आणि २०१७ पासून ती सीन्यूज या नावाने उघडपणे उजव्या वळणाची झाली. समूहाच्या सी युइत या फुकट वाहिनीला नियामकाने वारंवार दंड केले, परवाना पुन्हा दिला नाही आणि फेब्रुवारी २०२५ अखेर ती बंद पडली. त्याच वर्षी जूनमध्ये कनाल प्लुसनेही जमिनीवरच्या अँटेनाचं प्रक्षेपण सोडलं. ज्या लहरींवर ती जन्मली तिथे आता ती नाही.

फुटबॉलचा खांबही असाच हलला. २०१८ च्या लिलावात फ्रेंच साखळीचे बहुतेक सामने मेदियाप्रो या स्पॅनिश कंपनीने नेले. ती २०२० मध्ये पैसे देऊ शकली नाही आणि क्लब अडचणीत आले. २०२१ मध्ये हे सामने ॲमेझॉनकडे गेले. कनाल प्लुसने आता चॅम्पियन्स लीगवर लक्ष केंद्रित केलं आहे.

धंदा म्हणून समूह मोठाच होत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे शेअर लंडनच्या बाजारात स्वतंत्रपणे आले, २०२५ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेतली मल्टिचॉइस ही बलाढ्य कंपनी घेतली आणि वर्गणीदारांचा आकडा ४ कोटींपलीकडे गेला. यातले बहुसंख्य फ्रान्सबाहेरचे आहेत, विशेषतः आफ्रिकेतले. मॉरिशसमध्येही ही सेवा आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नाव परकं नाही.

सिनेमाचा मूळ सौदा मात्र अजून जिवंत आहे, फक्त त्यात नवे भागीदार आलेत. कनाल प्लुसला फिल्म आता थिएटरनंतर सहा महिन्यांत मिळते. नेटफ्लिक्सला पंधरा महिने थांबावं लागतं. डिस्नेने जास्त पैसे गुंतवायचं मान्य करून २०२५ मध्ये नऊ महिन्यांची जागा मिळवली. त्यावर कनाल प्लुसने आपला हात आखडता घेतला. पूर्वी ती सिनेमाला वर्षाला २० कोटी युरोंच्या आसपास देत होती. मार्च २०२५ च्या नव्या करारात २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी मिळून किमान ४८ कोटी ठरले, पहिल्या वर्षी १५, मग १६, मग १७. २०२७ नंतर पहिल्या खिडकीचा, म्हणजे थिएटरनंतर टीव्हीवर सर्वात आधी फिल्म दाखवण्याचा, हक्क कोणाला मिळणार, आणि पहिली फिल्म करणाऱ्या दिग्दर्शकाच्या वाट्याला त्यातलं किती येणार, यावर तिथल्या निर्माता संघटनांना पुन्हा वाटाघाटीला बसावं लागणार आहे.